प्रतिसाद: वर्ख आणि सौर घड्याळ

तबकडीवर सोन्याचा वर्ख असेल तर सौर घड्याळाला, म्हणजे उजेडावर चालणाऱ्या मनगटी घड्याळाला, उजेड कसा मिळणार, हा प्रश्न रास्तच आहे. सिटिझन या जपानी घड्याळ कंपनीच्या काही तबकड्या तोसा वाशी या पातळ जपानी कागदाच्या असतात. उजेड त्यातून झिरपून खालच्या सौरपट्टीपर्यंत पोचतो. वर्ख सलग न चिकटवता कण विखरून टाकले, की मधल्या फटी मोकळ्या राहतात. या पद्धतीला 'सुनागो' म्हणतात.

शिवाय जपानमधल्या कानाझावा शहराचा सोन्याचा वर्ख साधारण 0.0001 मिमी जाडीचा! उजेडासमोर धरला तर पलीकडचं हिरवट दिसतं. मिठाईवरचा आपला वर्ख बोटाला चिकटतो ना, तीच गत; म्हणून तिथे तो बांबूच्या चिमट्याने उचलतात. कानाझावाच्या दमट हवेत स्थिर वीजही कमी त्रास देते.