पीई 20 च्या वर गेलेला शेअर घेऊच नये, हा दंडक कितपत टिकतो?

नौपाडेकर
आमच्या ठाण्यातल्या गुंतवणूकदार मंडळींचा ठरलेला दंडक आहे : शेअरच्या भावाला प्रतिसमभाग नफ्याने भागून येणारा पीई 20 च्या वर गेला की त्या वाटेला जायचे नाही. मला तो पटतो. हिंदुस्तान युनिलिव्हरचा भाव सप्टेंबर 2021 मध्ये 2,800 रुपयांवर होता आणि पीई 70 च्या पुढे. पुढे कंपनीचा वार्षिक नफा सुमारे 8 हजार कोटींवरून 10 हजार कोटींच्या वर गेला, तरीही 2024 अखेर भाव 2,300 च्या घरात उतरला. धंदा उत्तम असूनही अवाच्या सवा किंमत मोजली की काय होते, हे यातून दिसते.

वाशीकर
यातून 70 महाग होता एवढेच सिद्ध होते. 20 कोठून आला? हाच शेअर 2015 मध्ये 900 रुपयांच्या आसपास होता आणि तेव्हाही पीई 40 च्या आगेमागे होता, म्हणजे आपल्या दंडकाने तो तेव्हाही घेता आला नसता. उलट बाजूही पाहा. टाटा स्टीलने 2021-22 मध्ये 41 हजार कोटींहून अधिक नफा कमावला, तेव्हा पीई 4 च्या आसपास दिसत होता; पुढच्या वर्षी नफा सुमारे 8 हजार कोटींवर आला आणि 2023-24 मध्ये तर तोटाच झाला. पोलादासारख्या चढउतारांच्या धंद्यात पीई सर्वांत स्वस्त दिसतो तो नेमका नफा शिखरावर असताना.

नौपाडेकर
मान्य, पण 2024 च्या मध्यास त्या शेअरचा भाव मार्च 2022 पेक्षा वरच होता. चारच्या पीईला घेणारा बुडाला नाही, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे वगळलीत.

ऐरोलीचा वाचक
आपण दोघेही भावाकडे पाहत आहात. मी भाजकाकडे पाहतो. पोखरण रस्त्यावरच्या किंवा कोलशेतच्या जुन्या कारखान्यांच्या जागी आज टॉवर उभे आहेत. अशी जमीन विकणाऱ्या एखाद्या कंपनीचा प्रतिसमभाग नफा एरवी 10 रुपये आणि भाव 300 आहे असे धरू, पीई 30. जमिनीच्या विक्रीतून प्रतिसमभाग 20 रुपये आले की नफा 30 रुपये दिसतो, पीई 10 वर येतो आणि तो शेअर आपल्या गाळणीतून अलगद पार होतो. पीईत सहसा मागच्या चार तिमाह्यांचाच नफा धरतात, म्हणून तेवढा काळ उलटला की ती रक्कम गणितातून गळते आणि भाव जागचा हलला नसला तरी पीई पुन्हा 30. नफा-तोटा पत्रकात ही रक्कम ‘अपवादात्मक बाबी’ या ओळीत निमूटपणे बसलेली असते, पण ॲपवरचा तयार आकडा पाहणारे तिथपर्यंत जातात कुठे?

नौपाडेकर
मग अपवादात्मक बाबी वगळून पीई काढू. दंडक मात्र राहू द्या. मर्यादाच नसेल तर तेजीत प्रत्येक भावाला समर्थन सापडते, आणि हात आवरायला आकड्याखेरीज दुसरे काही नसते.

वाशीकर
मर्यादा जरूर असावी, पण ती धंद्यागणिक असावी. शिवाय नफा एकट्या कंपनीचा धरायचा की उपकंपन्यांसह, हेही आधी ठरवा. मार्च 2021 च्या अखेरीस राष्ट्रीय शेअर बाजाराने एकत्रित नफा धरायला सुरुवात केली, तेव्हा निफ्टीचा पीई एका दिवसात 40 वरून 33 वर आला होता. बाजार त्या दिवशी जेमतेम एक टक्का हलला होता.