मदत हवी आहे: पोलीस भरतीची तयारी करणारा भाचा आणि मेफेनटरमिनचे इंजेक्शन

मी सोलापुरात एका खासगी रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात तंत्रज्ञ आहे. माझा २३ वर्षांचा भाचा पोलीस भरतीच्या तयारीसाठी जुळे सोलापुरात आमच्याकडे राहतो. पहाटे मैदान आणि संध्याकाळी जिम असा त्याचा नेम आहे. नुकतीच त्याच्या बॅगेत मेफेनटरमिन सल्फेटची १० मिलिलिटरची बाटली सापडली. तिच्या रबरी बुचाची सुया टोचून टोचून चाळण झाली होती.

हे औषध माझ्या रोजच्या हाताळणीतले आहे. कमरेत भूल दिल्यावर रक्तवाहिन्या सैलावून बीपी एकदम खाली येते, विशेषतः सिझेरियनमध्ये, आणि तेव्हा भूलतज्ज्ञ ते शिरेतून देतात. एका मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम औषध असते, एका वेळची मात्रा मात्र साधारण ३ ते ६ मिलिग्रॅमच, म्हणून आम्ही ते पातळ करूनच सिरिंजमध्ये भरतो आणि दिल्यावर मॉनिटरवरची नजर काढत नाही. ज्याचे बीपी मुळात उत्तम आहे अशा मुलाने १६०० मीटर धावण्याआधी ते टोचून घेतले, तर ठोके आणि बीपी दोन्ही चढतात, थकवा जाणवेनासा होतो आणि शरीर थांब म्हणत असताना मुलगा धावतच राहतो. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे, जेव्हा सकाळी नऊलाच डांबर तापलेले असते.

विचारल्यावर तो एवढेच म्हणाला, "मामा, मैदानावर बरीच पोरं घेतात, मी एकटाच आहे का?" जिममधील कोणीतरी दिलेल्या स्टॅनोझोलॉल या स्टेरॉइडच्या गोळ्याही तो काही महिन्यांपासून घेत आहे. "आजोबांच्या दम्याच्या पंपातही स्टेरॉइडच असते ना," हा त्याचा युक्तिवाद. पंपातील औषध सूज कमी करणारे असते आणि या गोळ्या टेस्टोस्टेरॉनच्या जातीच्या असतात, हे मी समजावले, पण दंडाचा घेर वाढत असताना मामाचे कोण ऐकतो? अलीकडे त्याची झोप उडाली आहे, चिडचिड वाढली आहे आणि ज्या दिवशी इंजेक्शन नसते त्या दिवशी तो दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नाही.

माझ्या ताईला यातील काहीच ठाऊक नाही. भाऊजी यंत्रमागावर रात्रपाळी करतात आणि मुलाच्या खुराकासाठी दर महिन्याला पैसे पाठवतात. त्यांना आताच सांगावे, की आधी डॉक्टर गाठावा? दोन्ही औषधे एकदम बंद केली तर चालेल का? पहिल्यांदा कोणाकडे न्यावे, हृदयरोगतज्ज्ञाकडे की मानसोपचारतज्ज्ञाकडे? ज्यांच्या घरात असे घडले आहे, त्यांनी मुलाला कसे तयार केले, हेही कृपया लिहावे.

प्रतिसाद:

मी फिजिशियन आहे. आधी फिजिशियनकडे न्या. ईसीजी, बीपी आणि गरज वाटल्यास इको (हृदयाची सोनोग्राफी) त्याच भेटीत होईल. छातीत दुखणे, चक्कर किंवा धडधड असेल, तर वाट न पाहता थेट आकस्मिक विभागात जा. इंजेक्शन थांबवायलाच हवे. थांबवल्यावर काही दिवस प्रचंड झोप, मरगळ आणि उदासी येते. गोळ्या बंद केल्यावरही शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन तयार व्हायला काही महिने लागू शकतात आणि त्या काळात नैराश्य गाठू शकते. म्हणून दोन्ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडू द्या आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेटही त्याच आठवड्यात ठरवा. सिव्हिलमध्ये हा विभाग आहे. रात्री-अपरात्री त्याच्या बोलण्यात जिवाचे काही आले, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

तपासण्यांमध्ये सकाळचे टेस्टोस्टेरॉन, त्याच्या निर्मितीवर नियंत्रण ठेवणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके, लिपिड (रक्तातील चरबी), हिमोग्लोबिन आणि यकृताच्या चाचण्या करून घ्या. यकृताच्या चाचण्यांतील एसजीओटी, एसजीपीटी जड व्यायामानेही वाढतात, जीजीटी मात्र स्नायूंमुळे वाढत नाही, त्यामुळे ती चाचणी सांगायला विसरू नका आणि रक्त देण्याआधी काही दिवस व्यायाम बंद ठेवा. सुई एकमेकांत वापरली का, हे शांतपणे विचारा. उत्तर काहीही आले तरी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासून घ्या.

त्याला वळवायचे असेल, तर "नोकरी जाईल" या धाकापेक्षा वीर्यतपासणीचा अहवाल अधिक उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे. या गोळ्यांनी शुक्राणू शून्यावरही येतात आणि ती गोष्ट या वयाच्या मुलाला लगेच कळते. ताईला सांगाच, मात्र पहिली भेट झाल्यावर आणि त्याला समोर बसवून. भाऊजींना फोनवर सांगू नका.

बाटली टाकून देऊ नका. लेबल आणि बॅच क्रमांकाचा फोटो काढून ठेवा, कारण चिठ्ठीशिवाय ती कोणी विकली, याचा माग अन्न व औषध प्रशासनाला तेथूनच काढता येईल.