मदत हवी आहे : कमी प्रथिनांच्या खाद्यावर वराहपिल्लांची वाढ मंदावली

आमच्या पिल्लांचे दूध 28व्या दिवशी तोडले जाते आणि पुढच्या आठवड्याभरात हगवण लागते. विष्ठेच्या तपासणीत ई. कोलाय हा जीवाणू आढळला आहे. खाद्यातून सरसकट दिले जाणारे कोलिस्टिन हे प्रतिजैविक आम्ही थांबवले असून, आजारी पिल्लांवर मात्र पशुवैद्यकांच्या सल्ल्याने स्वतंत्र उपचार होतात. हगवण रोखण्यासाठी दिली जाणारी झिंक ऑक्साइडची मोठी मात्रा, जी युरोपीय संघाने 2022 मध्ये बंद केली, तीही आम्हाला नको आहे.

सोयापेंड घटवून खाद्यातील प्रथिने 21 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणली, लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन व ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) वेगळी मिसळली आणि 0.5 टक्के बेन्झोइक आम्ल घातले. हगवण बरीच आटोक्यात आली, परंतु वजनवाढ मंदावली. पाणी, ऊब आणि गर्दी यांत दोष दिसला नाही.

व्हॅलिन हे आणखी एक अमिनो आम्ल आम्ही मिसळलेले नाही, आणि इतक्या कमी प्रथिनांत तेच अपुरे पडत असावे, असा माझा संशय आहे. शिवाय खाद्यातील चुनखडी जठरातील आम्लता मारत असल्याने बेन्झोइक आम्लाचा उपयोग निम्मा वाया जात असेल, तर नवल नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे : 18 टक्क्यांवरच राहून लायसिनच्या किती प्रमाणात व्हॅलिन द्यावे, की हगवणीचा काळ सरल्यावर प्रथिने पुन्हा वाढवावीत, आणि वाढवायची तर नेमकी कितव्या दिवसापासून?