मदत हवी आहे : मॅटलॅब फक्त कॉलेजात, घरी ऑक्टेव्ह, आणि उत्तरं भलतीच

नमस्कार. मी एम.एस्सी. गणित, दुसऱ्या वर्षाला आहे. गाव नांदेड जिल्ह्यात, कॉलेजला रोज एसटीनं जाणं-येणं. विषय लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला मदत करता येणार नाही, म्हणून लिहिते.

आमच्या प्रॅक्टिकलला मॅटलॅब आहे, म्हणजे गणिताची आकडेमोड आणि आलेख करायचं विकतचं सॉफ्टवेअर. लॅबमध्ये ते चारच मशीनवर चालतं आणि आम्ही २६ जण आहोत. लॅब दुपारी दोनला बंद होते. माझ्या वाट्याला आठवड्यातून जेमतेम तासभर येतो, त्यातही लाईट गेली तर तो दिवस गेलाच. घरी भावाचा जुना ४ जीबीचा लॅपटॉप आहे. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून त्यावर ऑक्टेव्ह टाकलं, ते मॅटलॅबसारखंच पण फुकट आहे. मोबाईलच्या डेटावर डाऊनलोड व्हायला अख्खी रात्र लागली, पण बसलं आणि चालतंय.

माझा प्रोजेक्ट जमिनीतल्या तापमानावर आहे. आमच्याकडं काळी भारी जमीन. वरची माती दिवसभर तापते आणि रात्री निवते, ती उष्णता खाली किती जाते हे उष्णता समीकरणानं काढायचं. एक मीटर खोलीपर्यंतचे थर पाडले, वरच्या पृष्ठभागाला रोजची साइन लाट दिली (सरासरी ३२ अंश, वर-खाली १५), सुरुवातीला सगळीकडं ३२ धरलं आणि पुढच्या वेळेचं तापमान आधीच्या वेळेवरून सरळ काढत गेले. उष्णता पसरण्याचा गुणांक सेकंदाला ०.००४ चौरस सेंमी धरला. काळाची पायरी १ तास.

१० सेंमीचे थर घेतले तेव्हा आलेख छान आला. सर म्हणाले, थर बारीक कर, उत्तर अजून चांगलं येईल. म्हणून ५ सेंमीचे केले. तर पहिल्याच दिवशी आलेख करवतीसारखा झाला आणि दुसऱ्या दिवसाच्या शेवटी तापमान हजारांत गेलं! एका थरात अधिक, त्याच्या खालच्या थरात उणे. चार रात्री प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला, चूक सापडत नाही.

सरांचं म्हणणं, फुकटच्या सॉफ्टवेअरचा भरवसा नसतो, मॅटलॅबवरच कर. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, ते वेळ देतात. पण मला लॅब मिळायला अजून सहा दिवस आहेत आणि प्रोजेक्ट २० तारखेला द्यायचा आहे. म्हणून दोन गोष्टी विचारते. ऑक्टेव्ह खरंच चुकतं का? आणि घरी बसून हे नीट शिकायचं कुठून, तेही मराठीत असेल तर? पुस्तकातलं इंग्रजी कळतं, पण व्हिडिओतलं भराभर बोललेलं मला लागत नाही.

प्रतिसाद : काळीभोर

ताई, ऑक्टेव्ह चुकत नाही. तुमचा प्रोग्रामही बहुतेक बरोबर आहे. चूक पायरीत आहे.

एक आकडा काढा. गुणांक गुणिले काळाची पायरी, भागिले थराच्या जाडीचा वर्ग. पुस्तकात याला आर म्हणतात. तुमच्या पद्धतीत हा आर अर्ध्याच्या वर गेला की उत्तर फुटतं. १० सेंमीला ०.००४ गुणिले ३६०० म्हणजे १४.४, भागिले १००, आर आला ०.१४४. चाललं. ५ सेंमीला तेच १४.४ भागिले २५, म्हणजे ०.५७६. फुटलं. थराची जाडी निम्मी केली की आर चौपट होतो, म्हणून थर बारीक करताना वेळही बारीक करावी लागते.

अधिक-उणे का येतं तेही बघा. शेजारच्या थरांत उलटसुलट जाणारी एक छोटी चूक नेहमीच असते. तुमच्या आकड्यांत ती दर तासाला साधारण १.२९ पट होते, आणि चिन्हही पलटतं. २४ तासांत चारशे पटीच्या वर. दोन दिवसांत दोन लाख पट. हजारांतलं तापमान तिथून आलं. आर अर्ध्याच्या आत असला की हीच चूक दर पायरीला लहान होत जाते.

काळाची पायरी अर्धा तास करून बघा, आर ०.२८८ होईल. दुसरं काही बदलू नका.

प्रतिसाद : लातूररोड

वरचं उत्तर अगदी बरोबर. मी थोडं सॉफ्टवेअरचं सांगतो, कारण असला गैरसमज घेऊन खूप पोरं काम सोडून देतात आणि ते बघून फार वाईट वाटतं.

तुमची फाईल जशीच्या तशी मॅटलॅबवर चालवून सरांना दाखवा. त्यासाठी लॅबची वाट बघू नका. मॅटलॅबची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती खातं उघडलं की महिन्याला २० तास फुकट मिळते. तिथंही हेच हजारांतले आकडे येतील. दोन वेगळ्या सॉफ्टवेअरवर तीच गडबड आली की सरांनाही पटेल.

ऑक्टेव्ह १९९२ पासून तयार होत आलंय आणि मॅटलॅबची भाषा त्यात मुद्दाम सांभाळलेली आहे. तुमच्या अभ्यासक्रमातलं बहुतेक सगळं दोन्हीकडं चालेल. अडचण येते ती टूलबॉक्समध्ये, म्हणजे एकेका विषयासाठीच्या तयार प्रोग्रामच्या संचात, मॅटलॅबचे खास टूलबॉक्स ऑक्टेव्हमध्ये तसेच्या तसे नसतात. सायलॅब नावाचं आणखी एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते मात्र वेगळं, दिसायला सारखं पण प्रोग्राम थोडा बदलावा लागतो. बीजगणितासारखं, म्हणजे अक्षरं ठेवून संकलन-विकलन करायचं असेल, तर मॅक्सिमा घ्या. जुन्या लॅपटॉपवरही ते हलकं चालतं.

मराठीत शिकायचं तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरिअल बघा. सायलॅबचे धडे मराठी आवाजात आहेत, एकेक धडा दहा-बारा मिनिटांचा. ऐकायचं, थांबवायचं, तेच आपल्या मशीनवर करायचं, अशीच त्याची रचना आहे. डाऊनलोड करून ठेवता येतात, म्हणजे रेंज नसली तरी अडत नाही. मॅट्रिक्स, लूप, आलेख एवढं सायलॅबवर समजलं की ऑक्टेव्हला जड जात नाही.

आणि एक. गुणाकाराच्या चिन्हाआधी टिंब दिलं तर घटकाला घटक गुणला जातो, नाही दिलं तर मॅट्रिक्सचा गुणाकार होतो. सुरुवातीला माझे दोन आठवडे या टिंबात गेले.

मूळ लेखिका

काळीभोर दादा, लातूररोड दादा, मी आत्ताच करून बघायले. अर्ध्या तासाच्या पायरीनं आलेख सरळ आला!! एक मीटरपर्यंत एकही करवत नाही. चार रात्री मी चूक नसलेल्या जागी चूक शोधत होते. आर पुस्तकात वाचला होता, परीक्षेत सिद्धही केला होता, तो इथं लागतो हे डोक्यात आलंच नाही.

आता एक नवीन शंका. उत्तर दिसायला चांगलं आहे, पण ते बरोबर आहे हे कशावरून म्हणायचं?

प्रतिसाद : काळीभोर

हा प्रश्न विचारलात याचा फार आनंद झाला. साइन लाटेला खोल जमिनीसाठी कागदावरचं अचूक उत्तर आहे. तुमच्या गुणांकाला दर साडेदहा सेंमी खोलीला लाटेची उंची ३७ टक्क्यांवर येते. म्हणजे वर १५ अंशांचा चढउतार असेल, तर ३० सेंमीवर एक अंशाच्याही आत, साधारण ०.९. शिवाय लाट उशिरा पोचते. वरची माती दुपारी २ ला सर्वांत तापत असेल, तर ३० सेंमीवर तीच वेळ रात्री १ च्या सुमारास येईल. पहिले काही दिवस सोडून द्या, सुरुवातीला सगळीकडं धरलेल्या ३२ अंशांचा परिणाम तेवढ्यात ओसरतो, आणि मग या दोन आकड्यांशी ताडून बघा.

वेळ उरला तर क्रँक-निकोल्सन पद्धत करा. तिथं आरची अट नाही, पण प्रत्येक पायरीला समीकरणांचा संच सोडवावा लागतो. ऑक्टेव्हमध्ये त्यासाठी बॅकस्लॅशचं (उलट्या तिरक्या रेघेचं) एक चिन्ह पुरतं.

मूळ लेखिका

दहा दिवस चालवून शेवटचा दिवस घेतला. ३० सेंमीवर वर-खाली एक अंशाच्या आतच आहे, आणि सर्वांत जास्त तापमान रात्री १ च्या आसपासच येतंय. बाबांना दाखवलं तर म्हणाले, खड्डा करून थर्मामीटर घाल आणि बघ. आजच फुटपट्टीनं मोजून आखाड्यामागं ३० सेंमी खोल खड्डा केलाय. थर्मामीटर कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या लॅबमधून मागितलाय, सोमवारी मिळेल. तो मातीत किती वेळ ठेवून मग आकडा घ्यायचा, कुणी सांगाल का?