१ टक्का ऑक्सिजनवर एचसीटी-११६: लॅक्टेटचे आकडे दर वेळी वेगळे, कोबाल्टशीही जुळत नाहीत

विद्राव्य (प्रश्न)

नमस्कार. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एचसीटी-११६ पेशी, मॅककॉय ५ए मीडियम, १० टक्के सीरम, सिक्स-वेल प्लेट, दर वेलमध्ये २ मिली. चेंबरमध्ये १ टक्का ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन. २४ आणि ४८ तास. सोबत साध्या इनक्युबेटरमध्ये १०० मायक्रोमोलर कोबाल्ट क्लोराइडची प्लेट. वेस्टर्नवर (प्रथिनं ओळखण्याची चाचणी) दोन्हीकडे हिफ-१ अल्फा (ऑक्सिजन कमी पडला की टिकणारं प्रथिन) दिसतं, ग्लुट-१ही (ग्लुकोज पेशीत आणणारं प्रथिन) वाढतं.

अडचण अशी, की २४ तासांना लॅक्टेट एका प्लेटमध्ये दीडपट तर दुसरीत तिप्पट येतं आणि ४८ तासांना साध्या प्लेटशी फरक जवळजवळ मिटतो. ग्लुटामिनमधून उलट्या वाटेने बनणारं सायट्रेट (एम+५, म्हणजे पाच खुणेचे कार्बन असलेलं) चेंबरमध्ये भरपूर वाढतं, कोबाल्टमध्ये जेमतेम. शिवाय एमटीटीत (पेशींचा अंदाज देणारी रंग-चाचणी) पेशी खूपच कमी दिसतात, पण मोजल्या तर तितक्या कमी नसतात. चूक कुठे शोधावी?

सूक्ष्मदर्शी

आधी एक हिशेब करा. चेंबरच्या हवेत १ टक्का आहे, पण पेशी राहतात मीडियमच्या तळाशी. सिक्स-वेलचं क्षेत्रफळ साधारण ९.५ चौ. सेंमी, म्हणजे २ मिलीचा थर २.१ मिमी. १ टक्का हवेखाली मीडियममध्ये जेमतेम १० मायक्रोमोलर ऑक्सिजन विरघळतो. इतक्या थरातून तळापर्यंत जास्तीत जास्त ९० ते १०० पिकोमोल प्रति मिनिट प्रति चौ. सेंमी एवढाच झिरपू शकतो. आता चौ. सेंमीला १ लाख पेशी आणि प्रत्येकीची भूक मिनिटाला ३ फेम्टोमोल धरा: मागणी ३०० पिकोमोल! पुरवठ्याच्या तिप्पट. म्हणजे दाट प्लेटमध्ये पेशींपाशी ऑक्सिजन शून्याजवळ गेलेला असतो. तीच प्लेट २० हजार पेशींची असेल तर मागणी ६० वर येते आणि तळाशी थोडा ऑक्सिजन उरतो.

दीडपट आणि तिप्पट यातला फरक मी सर्वात आधी इथे शोधेन. दोन्ही प्लेटवर '१ टक्का' लिहिलेलं असलं तरी पेशींच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रयोग आहेत. म्हणून पेरलेल्या पेशींची संख्या, मीडियमचा थर आणि संपवताना मोजलेली संख्या या तिन्ही गोष्टी वहीत लिहाच. थर अर्धा केला की पुरवठा दुप्पट होतो, पण ग्लुकोजही निम्मं होतं, तेव्हा एकाच दिशेने सुधारणा करू नका.

वायू भरताना मिनिटाला २० लिटरने ४-५ मिनिटं सोडा, क्लिप लावा आणि तासाभराने पुन्हा एकदा भरा, कारण मीडियममधला आणि प्लॅस्टिकमध्ये मुरलेला ऑक्सिजन हळूहळू बाहेर येतो. बदलायचं मीडियम पसरट डिशमध्ये आदल्या रात्रीपासून कमी ऑक्सिजनमध्ये ठेवा. आत पाण्याची डिश हवीच, नाहीतर बाष्पीभवनाने लॅक्टेट फुगलेलं दिसतं.

गोठणबिंदू

कोबाल्टबद्दल. हिफ-१ अल्फावर खुणा करणारी प्रोलाइल हायड्रॉक्सिलेज एन्झाइमं लोहावर चालतात. कोबाल्ट त्यांना थांबवतं, हिफ टिकतं, ग्लुट-१, एलडीएचए (लॅक्टेट बनवणारं एन्झाइम), पीडीके-१ वाढतात. पण ऑक्सिजन मात्र जागच्या जागी असतो, त्यामुळे श्वसनसाखळी चालू राहते. चेंबरच्या दाट प्लेटमध्ये हिफही टिकतं आणि साखळीही अडते. तेव्हा दोन्ही प्लेट जुळायलाच हव्यात असं मुळीच नाही. उलट त्यांतला फरक हाच कामाचा आहे: कोबाल्ट दाखवतं तो बहुतांशी हिफचा भाग, त्यापलीकडचा भाग प्रत्यक्ष ऑक्सिजन नसल्याचा. कोबाल्टला 'हायपोक्सिया' (ऑक्सिजनची कमतरता) म्हणून सादर करणं मला पटत नाही.

श्वसनसाखळीतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजला अर्धा वेग गाठायला १ मायक्रोमोलरपेक्षाही कमी ऑक्सिजन पुरतो, हायड्रॉक्सिलेजना मात्र कित्येक पट जास्त लागतो. त्यामुळे विरळ प्लेटमध्ये हिफ टिकलेलं असतानाही श्वसन चालू शकतं. तिथे ते घटलं तर आधी पीडीके-१कडे बघा; ते पायरुव्हेट डिहायड्रोजिनेजला (ग्लुकोजपासूनचं पायरुव्हेट सायट्रेटच्या वाटेला लावणारं एन्झाइम) फॉस्फेट लावून बंद करतं. त्यासाठी सेरिन-२९३ची अँटिबॉडी वापरा.

एम+५ वाचताना जपा. पायरुव्हेटची वाट बंद झाली की ग्लुकोजकडून येणारं सायट्रेट घटतं, आणि एकूण साठ्यात एम+५चा टक्का आपोआप चढतो. टक्का वाढला म्हणून प्रवाह वाढलाच असं होत नाही. एम+४ (सरळ वाटेने बनणारं सायट्रेट) सोबत दाखवा आणि सायट्रेटचा एकूण साठाही मोजा. ते कार्बन खरंच चरबीत जातात का हे पाहायचं असेल तर पाचव्या कार्बनवर खूण असलेलं ग्लुटामिन घ्या. तो कार्बन या उलट्या वाटेनेच असिटाइल-कोएमध्ये पोचतो. सीरम डायलाइझ्ड घ्या, चरबी काढलेलं नको. स्टिअरॉइल-कोए डिसॅच्युरेजला ऑक्सिजन लागतो. तो नसताना पेशी असंतृप्त चरबी सीरममधूनच घेतात, आणि ती काढून टाकलीत तर वेगळ्याच कारणाने मरतील.

आणि वेस्टर्नसाठी लायसिस शक्यतो चेंबरमध्येच करा. हवा लागली की हिफ-१ अल्फाचं अर्धायुष्य ५ मिनिटांहून कमी. पट्टी ११० ते १२० किलोडाल्टनला दिसते, हिशेबातल्या ९३ला नाही.

विद्राव्य

खूप आभार. ४८ तासांना फरक का मिटतो? आणि याच पद्धतीने एसडब्ल्यू-४८० (मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्याच दुसऱ्या पेशी) शेजारी ठेवता येतील का?

कणभर

४८ तासांचं उत्तर बहुधा ग्लुकोज. मॅककॉयमध्ये लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे १६.६ मिलिमोलर, २ मिलीत ३३ मायक्रोमोल. १० लाख पेशी ताशी ०.५ मायक्रोमोल खातात असं धरलं, तर सरासरी २० लाख पेशींचा वेल ३३ तासांत रिकामा. एका ग्लुकोजमधून दोनच लॅक्टेट, तेव्हा कमाल सुमारे ३३ मिलिमोलर. चेंबर त्या मर्यादेला आधी पोचतं, साधी प्लेट जास्त पेशींच्या जोरावर मागून पोचते. ०, ६, १२, २४ तासांना वेगवेगळ्या प्लेट काढा, ग्लुकोज आणि लॅक्टेट एकाच नमुन्यात मोजा, बिनपेशींचा वेल ठेवा (३७ अंशांवर ग्लुटामिन आपोआपही तुटतं), आणि शेवटच्या संख्येने न भागता वाढीच्या आलेखाखालच्या क्षेत्रफळाने भागा.

एमटीटी इथे सोडा. तो रंग पेशींतल्या क्षपणक्रियेमुळे येतो, आणि तुम्ही नेमकी तीच बदलताय. संख्या हवी तर थेट मोजणी, डीएनए किंवा एसआरबी (पेशींतल्या प्रथिनांना रंगवून मोजणी).

एसडब्ल्यू-४८० जर एल-१५ मीडियममध्ये असतील तर तुलना होणार नाही. एल-१५मध्ये ग्लुकोज नसतंच. लिटरला ९०० मिग्रॅ गॅलॅक्टोज आणि ५५० मिग्रॅ सोडियम पायरुव्हेट असतं. गॅलॅक्टोजवर लॅक्टेट मुळातच कमी बनतं, आणि बाहेरचं पायरुव्हेट एनएडी परत मिळवून देतं, त्यामुळे कमी ऑक्सिजनमध्ये अॅस्पार्टेटची जी टंचाई दिसायला हवी ती झाकली जाते. शिवाय त्यात बायकार्बोनेट नाही, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ते आम्लधर्मी होतं. आधी या पेशी मॅककॉयमध्ये काही पॅसेज (नव्या प्लेटमध्ये पुन्हा पेरण्याच्या फेऱ्या) रुळवा, वाढीचा वेग स्थिर झाला की एचसीटी-११६शी पेशींची घनता जुळवून पेरा.