चिऱ्याच्या जुन्या घरातील मधली भिंत काढून बैठक आणि जेवणाची खोली एक करता येईल का?

डिचोलीकर:
नमस्कार. गोव्यातील डिचोली तालुक्यातील आमचे घर आजोबांच्या काळातले आहे. भिंती मातीत रचलेल्या चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, असून त्यांवर चुन्याचा गिलावा आहे आणि छप्पर लाकडी वाशांवरच्या मंगळुरी कौलांचे आहे. बैठकीची खोली आणि लगतची जेवणाची खोली यांच्यामधली भिंत पूर्ण काढून एकच ऐसपैस खोली करावी, असा आमचा विचार आहे. चवथीला गणपती बैठकीत बसतो, त्याच्यावरची फळाफुलांची माटोळीही तिथेच बांधली जाते आणि आरतीच्या वेळी निम्मी माणसे पलीकडच्या दारात माना उंचावून उभी असतात. एरवीही जेवणाच्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो.

ही भिंत सुमारे 5 मीटर लांब आणि 45 सेंटिमीटर जाड असून घराच्या पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत जाते. वर ती थेट छपराला भिडते. तिथे तिची उंची साडेचार मीटर भरते आणि तिच्या माथ्यावर आढे, म्हणजे छपराच्या माथ्याचे मुख्य आडवे लाकूड, टेकलेले दिसते. कंत्राटदाराच्या मते छपराचा भार लाकडावर आहे, भिंत हा निव्वळ आडोसा आहे आणि ती चार दिवसांत उतरवता येईल. घराचा उत्तरेकडचा भाग काकांच्या वाट्याला आहे, छप्पर मात्र सलग आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चिरेबंदी:
ज्या भिंतीवर आढे टेकले आहे तिला आडोसा म्हणता येत नाही. आपल्या वर्णनावरून ही भिंत तीन कामे करते आहे, आणि कंत्राटदाराने त्यांतल्या एकाचाही विचार केलेला दिसत नाही.

पहिले काम आढे पेलण्याचे. आढ्याला खालून आधार असतो तोवर वासे त्याच्यावर विसावलेले राहतात आणि बाहेरच्या भिंतींवर फक्त उभा भार देतात. हा आधार काढला की आढे मधोमध खाली बसते, वाशांचे पाय बाहेर सरकू पाहतात आणि पुढच्या-मागच्या भिंतींना बाहेर ढकलतात. मातीत रचलेली चिऱ्याची भिंत वरून येणारे वजन पिढ्यान्‌पिढ्या सोसते, पण असा आडवा रेटा तिला सोसत नाही. हे एका रात्रीत होत नाही: आधी कौलांच्या ओळी वाकतात, मग पहिल्याच पावसाळ्यात गळती लागते आणि त्यानंतर कोपऱ्यांत तिरप्या भेगा दिसू लागतात.

दुसरे काम लांब भिंतींना मध्येच धरून ठेवण्याचे. पुढची आणि मागची भिंत या आडव्या भिंतीत चिरे गुंफून बांधलेली असेल. समजा आढ्याचा भार दुसऱ्या कशावर घेतला, तरी मधली भिंत मुळापासून काढल्यावर बाहेरच्या भिंतींची निराधार लांबी जवळजवळ दुप्पट होते. ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, कारण छताकडे सर्वांचे लक्ष असते आणि बाजूंकडे कोणी पाहत नाही.

तिसरे काम स्वतःचे वजन पायापर्यंत नेण्याचे. ते क्षुल्लक वाटते, पण 45 सेंटिमीटर जाडीच्या चिऱ्याच्या भिंतीचे एक मीटर लांब आणि एक मीटर उंच इतके बांधकाम साधारण एक टन भरते. मध्यभागी सव्वादोन मीटर उंचीचा आणि पावणेतीन मीटर रुंदीचा गाळा, म्हणजे दारासारखी मोकळी जागा, काढला, तर त्याच्या वर उरणारे बांधकाम पाच टनांच्या आसपास जाते. त्यामानाने कौले, रिपा आणि वासे मिळून या भिंतीवर येणारा वाटा बराच कमी, एक-दीड टनाचा असतो. म्हणून तुळईचे माप ठरवताना फक्त छपराचा हिशेब धरणे चुकीचे ठरेल.

माझ्या मते भिंत पूर्ण काढू नये, तिच्यात रुंद गाळा काढावा. दोन्ही टोकांना किमान एक-एक मीटर भिंत जागेवर राहू द्यावी, म्हणजे बाहेरच्या भिंतींना आधार कायम राहतो आणि तुळईलाही टेकायला जागा मिळते. एवढ्या जाड भिंतीसाठी एकच आय सेक्शन, म्हणजे इंग्रजी I आकाराची लोखंडी तुळई, पुरत नाही. दोन शेजारी-शेजारी घेऊन बोल्टने जोडावे लागतात. ते बसवण्याची पद्धत अशी की आधी आढ्याला आणि वरच्या चिऱ्यांना लोखंडी टेकू द्यायचे, मग भिंतीच्या एका बाजूने अर्ध्या जाडीची खाच कापून पहिला सेक्शन बसवायचा, वरची फट कमी पाण्याच्या घट्ट मसाल्याने ठासून भरायची, मसाला पक्का झाल्यावर दुसऱ्या बाजूने तेच करायचे आणि सर्वांत शेवटी खालचे चिरे काढायचे. चार दिवसांत हे होत नाही.

तुळईची टोके थेट चिऱ्यावर ठेवू नयेत. भारतीय मानक 3620 नुसार चिऱ्याची किमान दाबक्षमता चौरस मिलिमीटरला 3.5 न्यूटन असते, म्हणजे नेहमीच्या एम-20 काँक्रीटच्या सहाव्या भागाइतकी; शिवाय चिरा ओला झाला की ती आणखी घटते. टोकांखाली काँक्रीटचा लांब ठोकळा ओतून भार पसरवला नाही, तर तेवढ्याच जागेतला चिरा भुगा होऊन खाली बसतो. सेक्शनचे माप आणि ठोकळ्याची लांबी घर प्रत्यक्ष पाहणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच लेखी घ्यावी. काम पाऊस संपून भिंती सुकल्यावर, शक्यतो डिसेंबरनंतर काढावे.

फोंड्याचा वाचक:
परवानगीचा मुद्दा वर आलेला नाही. गोवा पंचायत राज कायदा, 1994 च्या कलम 66 नुसार असलेल्या इमारतीत फेरबदल करण्यासाठीही पंचायतीची लेखी परवानगी लागते. भिंत घराच्या आतली आहे, एवढ्यावर विसंबून राहू नये. त्याहून नाजूक बाब काकांची आहे. वाटणी तोंडी झालेली असेल आणि इन्व्हेंटरी, म्हणजे न्यायालयामार्फत होणारी वारसाहक्काची वाटणी, झालेली नसेल, तर कागदोपत्री घर अजून सर्वांचे आहे. तसेच आपल्याकडच्या नागरी कायद्यानुसार पती-पत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक असल्यामुळे काकांबरोबर काकींचीही लेखी संमती घ्यावी. आढे सलग आहे, त्यामुळे तुमच्याकडे ते दोन बोटे जरी खाली आले तरी कौले त्यांच्या खोलीत सरकतील, आणि संमती नसेल तर भांडण तिथूनच सुरू होईल.

मेस्त्रीचा मुलगा:
इंजिनिअर येण्यापूर्वी माळ्यावर चढून आढ्याचे भिंतीत शिरलेले टोक टॉर्चने नीट पाहावे. वाळवी नेमकी तिथे लागते, कारण ओल भिंतीतून वर येते आणि त्या खोबणीत वारा पोहोचत नाही. लाकडात स्क्रू-ड्रायव्हर टोचला आणि तो सहज आत गेला, तर नुसते टेकू देऊन भागणार नाही, तेवढा तुकडा बदलावा लागेल. भिंतीवर विजेच्या जुन्या पट्ट्या असतील तर चिऱ्याला हात लावण्यापूर्वी ती लाइन मेन स्विचपासून तोडून घ्यावी. गाळ्याच्या कडांना सिमेंटचा गिलावा करू नये. आतली ओल त्यात कोंडते आणि फुगून पापुद्रे सुटतात, त्यामुळे तिथेही चुनाच वापरावा.

माटोळीच्या कड्या कुठे आहेत तेही कळवावे. त्या या भिंतीत रोवलेल्या आडव्या लाकडाला असतील, तर नव्या लोखंडी तुळईला आधीच कड्या वेल्ड करून घेता येतील. तुळई बसल्यावर तिला भोके पाडणे बरे नव्हे.

डिचोलीकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. भिंत पूर्ण काढण्याचा विचार सोडून गाळा काढायचे ठरवतो आहोत. कड्या या भिंतीत नाहीत, बैठकीच्या मधल्या लाकडी तुळईला आहेत, त्यामुळे तो प्रश्न उरत नाही. काका-काकींशी बोलणे झाले असून लेखी संमतीला त्यांची हरकत नाही. मात्र इंजिनिअरचा अहवाल त्यांनाही पाहायचा आहे. एक शंका उरते: बैठकीची लाल सिमेंटची जमीन जेवणाच्या खोलीपेक्षा दीड-दोन इंच उंच आहे आणि चिरे काढल्यावर मध्ये 45 सेंटिमीटरचा पट्टा उघडा पडेल. तिथे काय करावे?

चिरेबंदी:
भिंतीचा पाया उकरू नये, तो जमिनीखाली तसाच राहू द्यावा. पट्टा बैठकीच्या पातळीला आणून त्यावर काळ्या कडप्प्याची एकच सलग लादी बसवावी आणि तिची कड जेवणाच्या खोलीच्या बाजूला थोडी पुढे काढावी, म्हणजे पायरी रात्रीही नजरेस येते. लाल सिमेंटचा रंग जुन्या जमिनीशी जुळवण्याचा खटाटोप करू नये, कारण जुन्या जमिनीचा रंग नव्या कामात मिळत नाही.