हॅंग्ड की हंग?

लातूरकर: मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, म्हणजे १७ सप्टेंबरच्या स्मरणिकेचं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलंय. 'सभागृहात हुतात्म्यांच्या तसबिरी लावल्या' इथं मी 'हंग' लिहिलं. तपासणाऱ्या काकांनी सगळीकडं 'हॅंग्ड' करून टाकलं. आता तसबिरींनाच फाशी! दोन्ही चालतं का?

नांदेडच्या बाई: तुमचंच बरोबर. माणसाला फाशी दिली तर हॅंग्ड, वस्तू टांगली तर हंग. जुन्या इंग्रजीत ही वेगवेगळी क्रियापदं होती, पुढं एकमेकांत मिसळली. कोर्टाची भाषा जुनी, म्हणून फाशीच्या शिक्षेत हॅंग्ड टिकलं. बोलताना माणसालाही हंग म्हणणारे इंग्रज आहेतच, त्यांच्यातही यावरून वाद होतात.

परभणीकर: ते राहू द्या, गोचं वेन्ट कसं होतं ते सांगा. आम्ही छड्या खाल्ल्यात त्यापायी.

नांदेडच्या बाई: वेन्ट मुळात गोचं नाहीच. वेंड-वेन्ट, सेंड-सेंटसारखं. गोनं ते बळकावलं. आपण तरी काय करतो? जाणे 'या' धातूवरून आणि गेला 'गत'वरून. 'जाला' म्हणतं का कुणी?

बीडचा, पुण्यात स्थायिक: याहून जवळचं उदाहरण आहे. 'तो म्हणाला', पण 'त्यानं गाणं म्हटलं'. एकाच धातूचे दोन भूतकाळ, कामं वाटून घेतलेली. हॅंगसारखंच. 'म्हणलं' मात्र अशुद्ध.

अंबाजोगाईकर: अशुद्ध? आमच्याकडं अख्खा गाव 'म्हणलं'च म्हणतो. जुन्या मराठीत म्हणितलें होतं. त्यातला ण आम्ही सांभाळला, तुम्ही गिळला. मुकुंदराजांची समाधी आमच्या गावात, आणि शुद्धतेचं सर्टिफिकेट पुण्याहून आणायचं का?

पुण्यात स्थायिक: समाधी गावात असल्यानं व्याकरण येत नसतं. ण एवढा प्यारा तर 'मेला'ऐवजी 'मरला' म्हणा, र पण वाचेल.

परभणीकर: लेकरं म्हणतातच की. माझी नात 'मी करलं' म्हणती.

नांदेडच्या बाई: इंग्रजांची लेकरंही 'गोएड' म्हणतात. नियम कळला की तो सगळीकडं लावून बघतात. मोठ्यांनीही तेच केलंय. हेल्पचा भूतकाळ एकेकाळी 'होल्प' होता, आज हेल्प्ड.

लातूरकर: मंडळी, स्मरणिका छापायला जायचीय. काकांना काय सांगू? वयानं मोठे आहेत, तोंडावर चूक कशी म्हणावं?

अंबाजोगाईकर: सांगा काहीतरी. आधी मला सांगा, तुमच्या लातुरात 'काय करलालास' म्हणतात ते कुठून आलं?

लातूरकर: 'करू लागलास'चं झालंय ते. भरभर बोलून बघा, कळेल.

पुण्यात स्थायिक: मला ती कानडीची छाया वाटते.

लातूरकर: कशावरून? माझं आजोळ उदगीरचं. शेजारी घरात कानडी बोलायचे, त्यांच्या बोलण्यात असलं काही ऐकलं नाही कधी. पुरावा द्या.